कावसजीचं नाक आणि माझं डोकं

माझ्या फोनमध्ये ‘टॅक्स २०२१’ नावाचं एक फोल्डर आहे. त्यात टॅक्सचं काहीही नाही, माझ्या डोक्याचे फोटो आहेत. समोरून, वरून, मागून, केस ओले करून, ट्यूबलाइटखाली. घरच्या कुणाच्या हातात फोन गेला तरी उघडून बघावंसं वाटू नये, म्हणून असं नाव दिलं. त्या फोटोंच्या शेवटी एक जुनं चित्र सेव्ह केलेलं आहे. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका बैलवाल्याचं. तो तिथं कसा आला ते सांगायचंय, पण आधी माझ्या डोक्याचं सांगतो.

माझं गाव मानवत. नाव घेतलं की पुण्यातले लोक हल्ली वेब सिरीजमधल्या खुनांबद्दल विचारतात, म्हणून मी बहुतेक वेळा नुसतं ‘परभणी’ म्हणतो. घरची कापसाची शेती, मी इंजिनिअरिंग करून हिंजवडीत. तेविसाव्या वर्षी कपाळ वर सरकायला लागलं. घरात स्थळांचं बोलणं सुरू झालं होतं आणि मामा म्हणाले, “बायोडेटाचा फोटो जरा खालून काढ, वरून टक्कल दिसायलंय.” २०२१ साल होतं. वर्क फ्रॉम होम, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. डोक्यावर खपल्या धरल्या तरी ऑफिसात कुणाला कळणार नव्हतं. एका मोठ्या शहरातल्या क्लिनिकमध्ये साठ हजारांचं पॅकेज होतं, त्यालाही ईएमआय.

डॉक्टर आले, पेननं कपाळावर एक रेघ काढली आणि दहा मिनिटांत गेले. पुढचे सात तास दोन मुलं माझ्या डोक्यावर काम करत होती. एकाचा फोन स्पीकरवर होता, घराच्या भाड्यावरून काहीतरी वाद चालला होता. तीन हजार ग्राफ्ट लावले असं कागदावर लिहून दिलं. दहा महिन्यांनी निकाल लागला. कपाळावर फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ, फार खाली आलेली रेघ. तिच्यात जाडजाड केस, एकेका भोकातून तीन-तीन, सगळे पुढच्या दिशेला ताठ. बोट फिरवलं की बारीक खडे लागतात. आणि मागचं डोकं, जिथून केस काढले होते, ते कसर लागलेल्या शालीसारखं.

आमच्या कामात चुकीचं काही लाइव्ह गेलं तर रोलबॅक करतात. मीही पहिल्यांदा तेच शोधलं: केलेलं उलटं करता येतं का? रात्रीच्या रात्री वाचत गेलो आणि हेअर ट्रान्सप्लान्टच्या दुरुस्तीवरून शस्त्रक्रियेच्या इतिहासात घसरलो. तिथं मला कावसजी भेटला.

ऑक्टोबर १७९४ च्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या लंडनच्या मासिकात एक पत्र छापून आलं. खाली सही फक्त ‘बी. एल.’ या आद्याक्षरांची. पत्र पुण्याजवळ झालेल्या एका ऑपरेशनबद्दल होतं. कावसजी हा शेतकरी जातीतला मराठा, इंग्रजांच्या फौजेत बैल हाकायच्या कामावर होता. तिसरं म्हैसूर युद्ध चालू होतं, १७९० ते ९२ चं, ज्यात पेशवे आणि निजाम इंग्रजांच्या बाजूनं होते. त्या काळी फौज पोटावर चालायची आणि पोट बैलांवर. कावसजी टिपूच्या हाती लागला. त्याचं नाक आणि एक हात कापून त्याला सोडून दिलं. नाक कापणं म्हणजे काय, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आपल्या भाषेत अब्रू नाकातच राहते.

वर्षाहून जास्त काळ तो बिननाकाचा राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका माणसानं त्याला नवं नाक बसवून दिलं. मुंबई इलाख्यातल्या थॉमस क्रुसो आणि जेम्स फिंडले या दोन इंग्रज डॉक्टरांनी हे ऑपरेशन कसं करतात ते स्वतः पाहिलं होतं, आणि पत्रात ते पायरीपायरीनं सांगितलंय. मी ते एखाद्या रेसिपीसारखं कितीतरी वेळा वाचलंय.

मेणाचा एक पातळ पत्रा घ्यायचा. तो नाकाच्या उरलेल्या बुडख्यावर बसवून चांगलं दिसेल असं नाक घडवायचं. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि भोवतीनं रेघ ओढायची. रेघेच्या आतली कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मधे एक अरुंद पट्टी न तोडता तशीच ठेवायची. रक्त तिथून येत राहतं. नाकाच्या बुडख्यावर जुन्या जखमेचा जो वण झालेला असतो तो तासून काढायचा, बाजूनं खाच पाडायची. कपाळाची कातडी अर्धा पीळ देऊन खाली आणायची आणि तिच्या कडा त्या खाचेत बसवायच्या. टाका एकही नाही. काथ पाण्यात कालवून कापडाच्या पट्ट्यांना लावायचा आणि पाच-सहा पट्ट्या एकावर एक ठेवून सांधा पक्का करायचा. हो, पानात घालतात तोच काथ. चार दिवसांनी तो काढून तुपात भिजवलेली कापडं. पाच-सहा दिवस रोग्यानं उताणं पडून राहायचं. दहाव्या दिवशी नाकपुड्या बुजू नयेत म्हणून त्यांत मऊ कापडाचे बोळे. पंचविसाव्या दिवसाच्या आसपास डोळ्यांमधली ती पट्टी कापायची.

जानेवारी १७९४ मध्ये, म्हणजे ऑपरेशननंतर दहा महिन्यांनी, जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकारानं कावसजीचं चित्र काढलं. हाच तो वेल्स, ज्यानं सवाई माधवराव पेशव्यांचं चित्र रंगवलं आणि ज्याच्या हाताखाली पुण्याचा गंगाराम तांबट काम करत होता. दहा महिने हा आकडा वाचून मला हसू आलं होतं. माझ्या कागदावरही ‘अंतिम निकाल दहा ते बारा महिन्यांनी’ असंच लिहिलेलं होतं.

पत्राच्या शेवटाकडं एक साधी गोष्ट येते आणि मी ती सोडू शकत नाही. नवं नाक मजबूत असतं, जवळजवळ खऱ्यासारखं दिसतं, असं सांगून लिहिणारा कपाळाकडं वळतो. तिथून कातडी घेतली होती ना. तर तिथला वण बराच काळ गेल्यावर फारसा नजरेत येत नाही, असं तो म्हणतो. ‘फारसा’ आणि ‘बराच काळ गेल्यावर’. वण राहत नाही असं तो म्हणत नाही. माझ्या क्लिनिकच्या भिंतीवर मात्र ‘नो कट, नो स्टिच, नो स्कार’ असं फुटभर अक्षरांत होतं.

या प्रसंगाचे फॉरवर्ड तुम्हीही वाचले असतील, ‘प्लास्टिक सर्जरी आपण जगाला दिली’ वाले. त्यात चूक काही नाही. सुश्रुतसंहितेत गालाच्या कातडीनं नाक करायची रीत दिलेली आहे, आणि पुण्याचं हे पत्र युरोपात पोचल्यावरच तिकडच्या सर्जनांनी कपाळाकडं लक्ष दिलं. पण मला दुसरंच लागतं. पत्रात डॉक्टरांची नावं आहेत, रोग्याचं नाव आहे, टिपूचं आहे. ज्यानं मेण घेऊन माप काढलं त्याची फक्त जात आहे. आणि माप आधी काढणं हेच तर त्याचं सगळं कौशल्य होतं. जिथून घ्यायचं तिथं किती आहे, घेतल्यावर तिथं काय उरेल, हे सुरी लावण्याआधी ठरत होतं. कपाळ लहान असलेल्या माणसाच्या बाबतीत एक गंमत होते: कातडी जरा वरपर्यंत घ्यावी लागली की तिच्याबरोबर केसही येतात आणि नव्या नाकावर उगवत राहतात. आजचे सर्जनही कपाळाच्या कातडीनं नाक करतात आणि त्यांनाही हे केस नंतर काढत बसावं लागतं. जागा बदलली म्हणून केस स्वभाव बदलत नाही. या ओळीकडं पुन्हा यायचंय.

लंडनच्या जोसेफ कार्प्यूनं हे पत्र मनात धरून ठेवलं आणि १८१४ मध्ये एका लष्करी अधिकाऱ्यावर तसं ऑपरेशन केलं, १८१६ मध्ये त्यावर पुस्तक काढलं. दोनच वर्षांनी बर्लिनमध्ये कार्ल फॉन ग्रेफेचं ‘ऱ्हायनोप्लास्टिक’ आलं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणत मोठे झालेल्या आम्हा लोकांना हे वाचून उगाचच बरं वाटतं. पुढं बर्लिनमध्येच नाकांच्या शस्त्रक्रियेत मोठं नाव कमावलेल्या योहान डीफेनबाखनं १८२२ मध्ये, विद्यार्थी असताना, प्रबंधासाठी स्वतःच्या हातावर केस लावून पाहिले होते. त्यातले काही रुजले. म्हणजे नाक आणि केस ही दोन्ही प्रकरणं एकाच माणसाच्या हातून गेली आहेत, मी ओढूनताणून जोडत नाहीये.

पण केसांच्या रोपणाची खरी सुरुवात जपानमध्ये झाली, आणि ती टकलासाठी नव्हतीच. १९३९ मध्ये शोजी ओकुडा या डॉक्टरनं गोल पोकळ पंचनं केसांसकट कातडीचे बारीक तुकडे काढून ते भाजल्याच्या वणांत, गेलेल्या भुवयांत लावल्याचं लिहिलं. वण झाकायला केस, हा मूळ उद्देश. लेख जपानीत, वर महायुद्ध. बाहेरच्या जगानं तो कितीतरी वर्षं वाचला नाही.

१९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या नॉर्मन ओरेंट्राइकनं टकलावर हा प्रयोग केला आणि १९५९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यानं सिद्ध केलं ते असं: डोक्याच्या मागच्या पट्ट्यातले केस पुढं लावले तरी ते मागच्यासारखेच वागतात, गळत नाहीत. नाकावर उगवणाऱ्या कपाळाच्या केसांचीच ही गोष्ट. सगळा धंदा या एका तत्त्वावर उभा आहे. फक्त त्याचे तुकडे चार मिलिमीटरचे असायचे. एकेका तुकड्यात डझनावारी केस, मधे मोकळी जागा. बाहुलीच्या डोक्यावर कसे झुबके असतात, तसं दिसायचं. पुढची तीस वर्षं जगभर हजारो माणसं असे झुबके घेऊन फिरली.

मग नजर बारीक झाली. १९८४ मध्ये हेडिंग्टननं सूक्ष्मदर्शकाखाली दाखवलं की केस मुळातच एक, दोन, तीन, चार अशा गुच्छांत उगवतात. बॉबी लिमर नावाच्या सर्जननं १९८८ पासून हे गुच्छ सूक्ष्मदर्शकाखाली सुटे करून लावायला सुरुवात केली. पुढच्या ओळीला एकेकट्या केसांचे, मागं दाट गुच्छ. निसर्गात कपाळाची कड अशीच असते, वेडीवाकडी आणि विरळ. माझ्या डोक्यावर काम करणाऱ्या मुलांनी पहिल्याच ओळीत तीन-तीन केसांचे गुच्छ पेरले होते. १९८४ चं ज्ञान २०२१ पर्यंत त्या खोलीत पोचलं नव्हतं.

आणि झुबकेवाले? ते नव्या डॉक्टरांकडं परत आले. दुरुस्ती ही वेगळी शाखाच झाली. २००२ मध्ये रॉबर्ट बर्नस्टीन आणि सहकाऱ्यांनी या दुरुस्तीवर दोन भागांत लेख लिहिला. त्यातला विचार सरळ आहे: चुकीच्या जागचा झुबका पंचनं काढा, सुटा करून गुच्छ वेगळे करा, तेच पुन्हा योग्य जागी लावा. जिथं काढता येत नाही तिथं पुढं बारीक केसांची विरळ ओळ लावून झाका. पण प्रत्येक वेळी अडचण एकच, मागचा साठा आधीच्यानं संपवलेला असतो. त्यात पुन्हा वणाची जागा म्हणजे रक्त कमी. तिथं लावलेलं सगळं जगेल याची खात्री नाही, म्हणून दाटी करायची नाही, टप्प्याटप्प्यानं जायचं. पुण्याच्या त्या माणसानं बुडख्यावरचा वण आधी तासला होता आणि डोळ्यांमधली पट्टी पंचवीस दिवस जपली होती. अडचण तीच.

त्याच २००२ मध्ये बर्नस्टीन आणि विल्यम रासमन यांनी दुसरा एक लेख लिहिला, त्यातून ‘एफयूई’ हे नाव सगळीकडं गेलं. मागच्या कातडीची लांब पट्टी कापून टाके घालण्याऐवजी एकेक गुच्छ सुटा काढायचा. पट्टीचा वण रेघेसारखा राहतो, हा टिंबांचा राहतो. यातूनच जाहिरातवाल्यांनी ‘वण नाही’ केलं. मी एका रात्री गणित केलं. एक मिलिमीटर व्यासाचं भोक म्हणजे ०.७८५ चौरस मिलिमीटर. तीन हजार भोकं म्हणजे साधारण साडेतेवीस चौरस सेंटिमीटर. एटीएम कार्ड निम्मं करा, तेवढा वण. पंचवीस सेंटिमीटर लांब, दोन मिलिमीटर रुंद रेघेचा वण पाच चौरस सेंटिमीटर भरतो. टिंबं विखुरलेली असतात म्हणून दिसत नाहीत, आणि एकाच जागी दाटीनं काढली की माझ्या मागच्या डोक्यासारखं दिसतं. पांढुरके ठिपके, मधे उरलेसुरले केस.

आपल्याकडं हे गल्लोगल्ली पोचलंय. २०१९ मध्ये मुंबईत एकाच बैठकीत साडेनऊ हजार ग्राफ्ट लावून घेतलेला एक व्यावसायिक दोन दिवसांत दगावला, तेव्हा थोडे दिवस चर्चा झाली. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं सूचना काढल्या: हे काम प्लास्टिक सर्जन किंवा शस्त्रक्रियेचं शिक्षण घेतलेल्या त्वचारोगतज्ज्ञानंच करायचं. कार्यशाळा बघून किंवा यूट्यूब बघून आलेलं शिक्षण पुरेसं नाही, हेही त्यात लिहिलंय. आयोगाला असं लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

गेल्या वर्षी मी एका प्लास्टिक सर्जनकडं गेलो. त्यांनी आधी डोकं बघितलंच नाही. शर्टाची बाही वर करायला सांगितली आणि दंडावरचा बीसीजीचा वण दाबून बघितला. लहानपणी लागलेलं, भाजलेलं कुठं कुठं आहे, ते फुगलं का, खाजतं का? काही जणांची जखम स्वतःच्या हद्दीबाहेर वाढत जाते, केलॉइड म्हणतात. आपल्यासारख्या सावळ्या कातडीत ते जास्त. तसं असेल तर डोक्याला हात लावायचा नाही. मग वडिलांचं, मामांचं टक्कल कुठवर गेलंय ते विचारलं. माझे उरलेले केस अजून मागं हटणार, आणि ही सरळ रेघ एकटीच पुढं उभी राहणार. दीड वर्ष आधी गोळ्या आणि औषध लावून ते थोपवायला हवं होतं, असं ते म्हणाले. ‘पुन्हा पहिल्यासारखं’ हा शब्द त्यांनी एकदाही वापरला नाही. सुरुवातीला पन्नासच ग्राफ्ट काढून दुसरीकडं लावू, म्हणाले, आणि थांबून बघू तुमची कातडी काय करते.

घरी सांगावं लागलं, कारण पैसे लागणार होते. दिवाळीत आबा ओट्यावर बसले होते. मी टोपी काढली, पाठमोरा बसलो. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी बोटांनी केस बाजूला करून मागचं डोकं बघितलं. कपाशी उगवली की मधे बी न उगवलेल्या जागा राहतात, तिथं नांग्या भरतात, म्हणजे पुन्हा बी टोकतात किंवा पिशवीत वाढवलेली रोपं लावतात.

“पुढच्या नांग्या भरल्यास, मान्य,” आबा म्हणाले. “पण रोप कुठून आणलास?”

“मागनं काढलं.”

“म्हणजे चालू सरीतलं उपटून?”

मी हो म्हणालो. ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पिशवीतलं रोप नसलं तर शहाणा माणूस नांगी तशीच ठेवतो.” पैसे दिले मात्र.

पन्नासची चाचणी झाली. वण फुगले नाहीत. नंतर पुढच्या रेघेतले सव्वाशे गुच्छ काढले, सुटे केले आणि मागं सरकवून वाकडेतिकडे लावले. काढल्या जागी बारीक पांढरे ठिपके आहेत. उन्हात, जवळून, समोरच्यानं नीट बघितलं तर दिसतात. मागच्या डोक्याचं काही करता आलेलं नाही. मानवतला केस कापायला गेलो की चार नंबरच्या खाली मशीन लावू नका एवढं सांगतो. रेघ अजून पूर्ण मोडलेली नाही; पुढचा टप्पा दहा महिने झाल्यावर.

गेल्या आठवड्यात परभणीहून चुलतभावाचा मेसेज आला. बावीस वर्षांचा आहे, एमपीएससीची तयारी करतो, आता त्याचंही कपाळ वर सरकायलंय. ‘दादा, तू कुठं केलतास, किती लागले? इथं एकानं चाळीस हजारांत सांगितलंय.’ मी ‘टॅक्स २०२१’ उघडलं, मागच्या डोक्याचा ट्यूबलाइटखालचा फोटो निवडला आणि पाठवला. सोबत सर्जननं लिहून दिलेल्या औषधांची चिठ्ठी, आणि असंही लिहिलं की आधी परभणीतच एखाद्या त्वचारोगतज्ज्ञाला दाखव. निळ्या टिका लगेच झाल्या. दीड तास काही नाही.

मग विचारलं, ‘या गोळ्या महिन्याला कितीला पडतात?’